खोबऱ्यानं उजळलेली भिंत

वय झालं की राग निवतो, असं मला भेटेल तो सांगतो. माझा काही निवलेला नाही. सकाळची रक्तदाबाची गोळी घेऊन, दार लावून मी हे लिहायला बसले आहे आणि पहिल्याच ओळीला माझी कानशिलं तापली आहेत. कारण विचाराल तर एक भिंत. लोक जमिनीवरून भांडतात, आईच्या पाटल्यांवरून भांडतात. मी जयपूरच्या एका भाड्याच्या खोलीतल्या भिंतीवरून अजून धुमसते आहे, आणि ती भिंत आमची नव्हतीसुद्धा. पलीकडच्या खोलीतून बाबांनी आताच चहासाठी हाक मारली. नव्वदीला टेकलेत, पण आवाज खणखणीत आहे. मारू देत हाका. आज चहा जरा उशिरा मिळेल.

बाबा जयपुरात एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. इतिहास, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आम्ही राहायचो जुन्या शहरात, तटाच्या आत, संगमरवरी मूर्ती घडवणाऱ्यांच्या गल्लीला लागून. घर घरमालकांच्या कुटुंबाचं, खाली ते आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं. पुढची एक मोठी खोली, मागे एक लहान, आणि गच्चीच्या कडेला पत्र्याचं स्वयंपाकघर, तेही उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं. सकाळी सात वाजल्यापासून खालच्या गल्लीत छिन्न्या सुरू व्हायच्या. टक टक टक टक, दिवसभर. पाहुणा आला की पहिले दोन दिवस डोकं धरून बसायचा. आम्हांला मात्र सणासुदीला त्या थांबल्या की चुकल्यासारखं व्हायचं. पांढरी भुकटी सगळीकडे. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, माझ्या वेणीत. आई रत्नागिरीकडची आणि बाबा साताऱ्याकडचे, त्यामुळे घरात एक दिवस कोकमाचं सार व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कूट घातलेलं सगळं. आईला जयपुरात बाकी कशाचं दुःख नव्हतं, पण ओल्या नारळाचं होतं. तिथे तो मिळायचा देवळापाशी, तोही वाळका, खुळखुळ वाजणारा. छावणीत राहणारे एक सुभेदार होते, आईच्या माहेरच्या गावचे. ते रजेवरून परतताना मामानं दिलेले पाच-सहा नारळ आणायचे. आई ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची आणि एकेक असा पुरवायची, की एका नारळात आमचे पंधरा दिवस निघायचे.

घरमालकांची आई म्हणजे माँजी. साठीच्या पुढच्या, बुटक्या, घागरा आणि त्यावर लुगडी म्हणजे तिकडची ओढणी घेतलेल्या, हातात कोपरापर्यंत बांगड्या. आईचं हिंदी यथातथाच, माँजींना हिंदीच यायचं नाही, त्या आपल्या तिथल्या ढूँढाडीत बोलायच्या. तरी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत दोघी तास-तास बोलत बसायच्या. मी शाळेतून आले की मला दुभाषी व्हायला बोलवायच्या आणि पाच मिनिटांत माझी गरज संपायची. माँजी वाटीभर बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आणायच्या, आई वाटी धुऊन तीत आंबोळीचा तुकडा घालून परत पाठवायची. त्या गावात आईला दुसरं कोणी नव्हतं. बाबांचे सहकारी होते, त्यांच्या बायका होत्या, पण त्यांच्याकडे चहाला जायचं म्हणजे इस्त्रीची साडी आणि आधी पाठ केलेली चार हिंदी वाक्यं. माँजींशी आई हसायची. मोठ्यानं हसायची. बाबा घरात असले की तिचं ते हसू ऐकू यायचं नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

दहावीची परीक्षा संपवून मी घरी बसले होते तेव्हा अण्णाकाकांचं पत्र आलं. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सातारला त्यांनी बंगला बांधला होता आणि त्यात प्रत्येक खोलीला वेगळ्या रंगाचं डिस्टेंपर लावलं होतं. बाबा तो बंगला बघून आल्यापासून आमच्या पुढच्या खोलीकडे डोळे बारीक करून बघायचे. काका दहा दिवसांनी येणार म्हटल्यावर त्यांनी फर्मान काढलं, “ही खोली नवी दिसली पाहिजे. आणि एक पैसा खर्च न करता. बघू तुमचं डोकं किती चालतं.” बिनखर्चात काम होणं हा बाबांचा अभिमानाचा विषय होता. आईचा मागच्या चार वर्षांतला एकही दिवस कसा गेला, हे त्यांना सांगता आलं नसतं, पण कोणतं काम कसं फुकटात झालं ते तारीखवार सांगायचे.

आईनं डोकं चालवलं. जुन्या दोन साड्यांचे पडदे शिवले. ट्रंका एकावर एक रचून त्यांवर सोलापुरी चादर घातली आणि बैठक केली. घागर घासून लख्ख करून कोपऱ्यात ठेवली. राहिल्या भिंती. त्या भिंती पांढऱ्या नव्हत्या. पिवळट होत्या, जुन्या हस्तिदंतासारख्या, खाली हातभर उंचीवर एक लाल रेघ. हात लावला तर भर मे महिन्यातही गार. मात्र वर्षानुवर्षांच्या धुरानं आणि तेलकट डोक्यांनी त्या मंद झाल्या होत्या. आईनं माँजींना विचारलं, तेव्हा माँजी कितीतरी वेळ भिंतीवरून नुसता तळवा फिरवत राहिल्या. मग सांगितलं. ही आराइश. चुना महिनोन् महिने भिजवायचा, संगमरवराची भुकटी घालायची, थरावर थर द्यायचे आणि ओला असतानाच अकीकाच्या दगडानं घोटायचा. ही खोली त्यांच्या सासऱ्यांनी त्यांच्या लग्नासाठी करवून घेतली होती. माँजी तेरा वर्षांच्या होत्या, आणि सासरी आल्यावर त्यांना दिलेलं पहिलं काम म्हणजे ही भिंत खोबऱ्यानं पुसणं. खोबरं किसून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि घासायचं. भिंत तेल पिते आणि उजळते. “दस बरस सूं कोई नै कर्यो,” माँजी म्हणाल्या. दहा वर्षांत कोणी केलंच नव्हतं.

आईकडे तेव्हा तीन नारळ होते. त्यांतले दोन तिनं भिंतीसाठी फोडले. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण आईला ओळखणाऱ्या माणसानं ते वाचून थांबायला हवं. आजारी पडल्यावर स्वतःसाठी पेजेत चमचाभर खोबरं घालायची नाही ती बाई. आम्ही तिघी खिडकीजवळच्या भिंतीला लागलो. आधी रिठ्याच्या पाण्यानं हळू पुसून घेतली, मग पुरचुंड्या. माँजी पाटावर बसून खालचा भाग करायच्या, आई मधला, मी स्टुलावर चढून वरचा. गोल नाही घासायचं, वरून खाली घासायचं. चुकले की माँजी माझ्या पिंढरीला चापट मारायच्या. तीन दुपारी गेल्या. हात भरून यायचे, खोलीला खोबऱ्याचा वास यायचा, आणि आई म्हणायची, “बाई गं, अगदी आमच्या माजघरासारखं वाटतंय.” तिसऱ्या दुपारी ऊन आत आलं तेव्हा भिंतीत आईच्या बांगड्यांची हिरवी सावली दिसली. अंधूक, हलणारी. आईनं हात वर केला, खाली केला, परत वर केला. माँजी पदराआड हसत होत्या. एक भिंत झाली होती, तीन उरल्या होत्या, आणि सहा दिवस हातात होते.

बाबा त्या आठवड्यात शहराबाहेर बस्सी गावाला परीक्षेच्या कामावर जात होते आणि दमून, उन्हानं करपून परत यायचे. भिंतीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. लक्ष गेलं ते करवंट्यांकडे. “दोन नारळ? अण्णा येणार, त्याला नारळीभात करायचा सोडून दोन नारळ भिंतीला फासले? येडी का खुळी तू?” आई म्हणाली, “अहो, बघा तरी किती उजळलीय.” बाबांनी बघितलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी दोन पावलं पुढे जाऊन नीट बघितलं आणि म्हणाले, “पिवळी ती पिवळीच. वर तेलकट.” जो माणूस वर्गात पोरांना या शहराचे महाल आणि त्यांचे कारागीर शिकवायचा, त्यावर सुरेख टिपणं काढायचा, तो आराइशीसमोर उभा राहून तेलकट म्हणाला. पुस्तकात होतं ते यांना दिसायचं. डोळ्यांपुढे होतं ते नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कॉलेजच्या रंगकामातून उरलेला भिजवलेला चुना बादलीभर आणला. फुकट, अर्थातच. नीळही आणली. रविवारी सकाळी बनियनवर उभं राहून त्यांनी स्वतः एका भिंतीला हात दिला. वाळेपर्यंत ती भिंत खरंच पांढरी झाली. मग दुपारी चुन्याचे पापुद्रे सुटायला लागले, शेंगदाण्याच्या फोलासारखे. पंखा लावला की खोलीभर उडायचे. गुळगुळीत दगडावर चुना कशाला धरेल? “तुझ्या त्या खोबऱ्यामुळे,” बाबा आईला म्हणाले. खोबरं समोरच्या भिंतीला होतं, पापुद्रे या भिंतीचे पडत होते; पण तेवढा विचार रागात कोण करतं. मग त्यांना गाव आठवलं. गावाकडे जुन्या मातीच्या भिंतीवर नवा गिलावा देताना आधी टोचे मारून ती खरबरीत करतात, म्हणजे नवा थर पकडतो. “टोचे मारायचे,” बाबा म्हणाले, “सोपं आहे.” मातीच्या भिंतीचं शहाणपण त्यांनी या भिंतीला लावलं. सोमवारी सकाळी ते खाली गेले आणि मूर्तिकारांपैकी एकाकडून छिन्नी आणि हातोडी मागून आणली. “किस काम के लिए, मास्टरजी?” त्यानं विचारलं. मी जिन्यात उभी होते. “कील ठोकनी है,” बाबा म्हणाले.

आई दारात आडवी उभी राहिली. तिला मी एवढं ताठ कधी पाहिलं नव्हतं. “अहो, माँजींना विचारा तरी. त्यांच्या लग्नाची खोली आहे ही.” बाबा म्हणाले, “आपण भाडं देतो. म्हातारीची परवानगी घेत बसू?” आई म्हणाली, “मी हात लावणार नाही.” “नको लावूस,” बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “ये गं माझी वाघीण. तू हुशार आहेस, तुला कळतं. मला कॉलेजात जाऊन यायचंय, तोवर ही एक भिंत टोचून ठेव.”

इथे मी थांबते. कारण इथून पुढचा राग नुसता बाबांवरचा नाही.

मी छिन्नी घेतली. मला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. बाबांनी वाघीण म्हटलं, आणि पंधरा वर्षांच्या मला तेवढं पुरलं. तीन दुपारी ज्या भिंतीशेजारी मी माँजींच्या चापट्या खाल्ल्या, तिच्या समोरच्या भिंतीवर मी पहिला घाव घातला. वाटलं होतं त्यापेक्षा ती कठीण होती. छिन्नी घसरायची, ठिणगीसारखी कपची उडायची आणि आत राखाडी जखम उघडी पडायची. मग अंदाज आला. मग, सांगायला लाज वाटते, मजा यायला लागली. ओळीनं टोचे मारत गेले, शाळेच्या वहीत आखल्यासारखे. खाली गल्लीत छिन्न्या वाजत होत्या, वर माझी वाजत होती. टक टक टक टक. माँजी खाली धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांना माझी छिन्नी वेगळी ऐकू येण्याचं कारणच नव्हतं. आई मागच्या खोलीत होती. दोन तासांनी कपच्या आणि भुकटी तिच्या दारापर्यंत गेली, तेव्हा ती केरसुणी घेऊन बाहेर आली. भिंतीकडे न बघता, माझ्याकडे न बघता झाडायला लागली. तेवढ्यात बाबा आले. “शाब्बास,” म्हणाले. आणि त्यांच्यामागून, वाटीवर ताटली झाकून, माँजी वर आल्या.

वाटीत केर-सांगरी, तिकडची वाळवलेल्या शेंगांची भाजी, होती, ते मला दिसलं, कारण ताटली खाली पडली. वाटी मात्र त्यांनी सोडली नाही. त्यांनी भिंत बघितली. मग आईला बघितलं. आईच्या हातात केरसुणी, पायाशी कपच्यांचा ढीग, केसांवर पांढरी भुकटी. मी छिन्नी पाठीमागे लपवली होती. केव्हा लपवली ते आठवत नाही, पण लपवली होती. बाबांनी एकदा खोकून घसा साफ केला आणि त्यांच्या त्या वर्गातल्या शुद्ध हिंदीत म्हणाले, “माँजी, मैं तो कॉलेज गया हुआ था। इनको सफ़ाई का बहुत शौक है। औरतों ने अपने मन से कर दिया।” इनको म्हणजे आईला. आईला तेवढं हिंदी नक्की कळत होतं. ती बाबांकडे बघत राहिली, मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ती फार वेळ माझ्याकडे बघत होती. मैंने किया, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी तिथल्या शाळेत वाढलेली, हिंदी वक्तृत्वात बक्षिसं घेणारी मुलगी, आणि मला दोन शब्द आले नाहीत.

“थनै तो म्हैं सिखायो छो,” माँजी आईला म्हणाल्या. तुला तर मी शिकवलं होतं. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी वाटी ट्रंकांच्या बैठकीवर ठेवली, ताटली उचलली, पदरानं पुसली आणि खाली गेल्या. ती भाजी त्या रात्री बाबांनी खाल्ली. वर तिखट जास्त आहे म्हणाले.

अण्णाकाका आले. टोच्यांवर बाबांनी चुन्याचे दोन हात दिले होते. पांढरं दिसत होतं, देवीचे वण असलेल्या माणसानं पावडर लावावी तसं. काका चार दिवस राहिले आणि भिंतींबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. महाल बघितले, लाखेच्या बांगड्या घेतल्या, आणि जाताना त्यांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर आमच्या भिंतीचा एवढा मोठा पांढरा धब्बा होता. तो त्यांनी साताऱ्यापर्यंत नेला असेल. एवढ्यासाठी. खरंच एवढ्यासाठी.

घरमालकांनी आम्हांला काढलं नाही, भांडण केलं नाही. माँजींनी वर येणं बंद केलं. आईनं आंबोळ्या केल्या आणि ताटली माझ्या हाती खाली पाठवली. माँजींनी ती घेतली, धुतली आणि रिकामी परत दिली. त्या घरात रिकामं भांडं परत जात नाही, हे आईला ठाऊक होतं. तिनं ती ताटली फळीवर उपडी ठेवली. नंतर कधी काही पाठवलं नाही. वर्षभर आम्ही तिथे होतो. त्या वर्षात आईच्या हसण्याचा आवाज मी ऐकला नाही. खोबरं पुसलेल्या भिंतीलाही बाबांनी चुना फासला होता, पण ती तो धरेना. महिन्याभरात सगळा गळून गेला आणि भिंत होती तशी वर आली. घर सोडलं त्या दिवशी सामान खाली गेल्यावर आई त्या भिंतीपुढे उभी होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, “तू हो पुढे.”

पुढे बाबांना पुण्यात नोकरी मिळाली, आणि तिथे त्यांना गोष्ट सांगायला सापडली. पाहुणे आले, जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता बाबा सुरू करायचे, “आमच्या हिनं जयपुरात काय पराक्रम केला माहितेय? घरमालकिणीची अख्खी भिंत छिन्नीनं फोडली. सफाईसाठी!” लोक हसायचे. दर वेळी गोष्टीला एखादा नवा तपशील चिकटायचा. आई सुपारीचं तबक फिरवायची. मला वाटतं काही वर्षांनी बाबांना ते खरंच तसं आठवायला लागलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं माहीत असतं. यांनी तेही ठेवलं नाही. मधे एकदा जयपूरहून माँजी गेल्याचं पत्र आलं. आईनं ते वाचलं, घडी घालून तांदळाच्या डब्यामागे ठेवलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. बाबा म्हणाले, “वय झालं होतं.”

माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या सासरची सगळी मंडळी आमच्याकडे जमली होती, आणि बाबांनी सुपारी घेतली. “आमच्या हिनं जयपुरात…” माझ्या हातातला पेल्यांचा ट्रे मी टेबलावर आदळला. “तिनं नाही फोडली,” मी म्हणाले. “मी फोडली. तुम्ही छिन्नी आणून दिलीत आणि मला वाघीण म्हणालात म्हणून मी फोडली. ती दारात आडवी उभी होती. तुम्ही माँजींसमोर तिच्यावर ढकललंत आणि आजवर ढकलताय.” आणखीही खूप बोलले. सासूबाई पोरीला घेऊन गच्चीत गेल्या. बाबांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. “असेल बुवा,” म्हणाले. “इतक्या जुन्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं?”

मी स्वयंपाकघरात गेले. आई विळीवर नारळ खवत बसली होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू गेलं होतं, भिंत पातळ होती. मी तिच्यापुढे बसले. खरं सांगते, मला वाटलं होतं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. इतक्या वर्षांनी तिच्या बाजूनं कोणीतरी बोललं होतं. तिनं वाटी संपेपर्यंत खवलं, पांढऱ्याखालचा काळा भाग लागू दिला नाही, करवंटी बाजूला ठेवली.

“मला कशाला ऐकवतेस?” ती म्हणाली. “मला ठाऊकच होतं. माँजींना सांगायचं होतंस.”